खोंड नंतर, आधी गाय बघा

नमस्कार श्रोते मंडळी. पावसाळ्यात एका पोराचा फोन आला, गाव माण तालुक्यात, नोकरी पुण्यात. म्हणला काका, एक खिलार जातीचा खोंड घ्यायचाय, पुसेगावच्या यात्रेत प्रदर्शनाला उतरवायचाय, किती पैसे धरून चालू? मी म्हणलं पैशाचं राहूदे, रोज त्याच्या अंगावरनं हात कोण फिरवणार ते सांग. तर म्हणला, आबा हायत की घरी. आबांचं वय सत्तर.

आता असे फोन लय वाढलेत. 18 मे 2023 ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतीला हिरवा कंदील दिला आणि तेव्हापासनं ज्याच्या त्याच्या मोबाईलवर बैलाचा फोटो, आणि खोंडाचे दर तर विचारूच नका. माझं मत सरळ हाय, नवीन माणसानं पहिल्यांदा खोंड घेऊच नये. दुसऱ्या-तिसऱ्या वेताची, गाभण, गरीब स्वभावाची खिलार गाय घ्यावी. दूध म्हणाल तर वासराला पाजून दोन-तीन लिटर निघालं तरी खूप, डेअरीचा हिशोब इथं लावू नका. पण आपल्या दावणीला जन्मलेलं वासरू आपला आवाज ओळखतं आणि खिलारात हीच खरी मेख हाय, कारण ही जातच तापट, परका माणूस दिसला की कान टवकारलेच.

गाय बघताना तोंड लांब-निमुळतं, कपाळावर मधोमध उभी खोबण, शिंगं बुडात जवळजवळ आणि मागं जाऊन वर वळलेली, कान बारीक, कातडी अंगाला चिकटून, गळ्याखालची पोळी आटोपशीर, खूर काळे आणि घट्ट. अंगावरच्या केसांचा भोवरा कुठंय, गोम कुठंय हे जाणकार लोक बघतात, त्यावरनं बाजारात दर पडतो हे खरंय, पण मी त्यापेक्षा गाय चालताना मागचे पाय बघतो. आणि कानातला बिल्ला बघा, 1 जून 2024 पासनं आपल्या राज्यात टॅग नसलेलं जनावर विकता पण येत नाही.

वासरू झालं की तासाभरात चीक, म्हणजे गाईचं पहिलं घट्ट दूध, पोटात गेला पाहिजे, वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे वीस किलोच्या वासराला दिवसभरात दोन लिटर, थोडा-थोडा करून. आधी गाईची वार (जार) पडायची वाट बघत बसणारी माणसं अजून हायत, कृपा करून तसं करू नका. जंताचं औषध, लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, लम्पी, हे सगळं डॉक्टरांना विचारून वेळेवर. 2022 ला लम्पीनं बाजार बंद पाडले होते, विसरला नसाल.

आता प्रदर्शन. गट बहुतेक ठिकाणी दातावर पडतात. आदत म्हणजे दुधाचे दात, मग दोन दाती साधारण दोन-अडीच वर्षाला, चार दाती, सहा दाती, आणि सगळे आले की जुळला. लोक काय करतात, महिनाभर आधी पेंड, अंडी, काय काय चारतात आणि खोंड पिपासारखा करून आणतात. खिलार भरलेला दिसावा, सुजलेला नको. शाळूचा कडबा, थोडी हिरवी मका, सरकी पेंड बेतानं, खनिज मिश्रण, आणि रोज दोन-तीन किलोमीटर चाल. शिंगं घासून तेल लावा, पण टोकदार करायच्या नादात जास्त तासू नका, आत जिवंत भाग असतो, रक्त येतं.

माझी पहिली फजिती सांगतो. दीड वर्षाचा खोंड, रंगानं कोसा, दिसायला असा की रस्त्यानं जाणारा थांबायचा. टेम्पोतनं उतरवला, मैदानात नेला, कमिटीचे डॉक्टर दोन जनावरं सोडून पलीकडं, आणि तेवढ्यात हलगी वाजली. खोंडानं अशी मान झटकली की वेसणीनं नाकातनं रक्त, कासरा माझ्या तळहातावरनं सरसर गेला, कातडं सोलून. माणसं पळाली. डॉक्टरांनी लांबनंच बघितलं आणि पुढच्या जनावराकडं वळले, त्यांची काय चूक? जे जनावर दोन मिनिटं चार पायावर सरळ उभं राहत नाही त्याची पाठ कशी बघायची, दात कसे मोजायचे?

चूक माझी होती, त्या खोंडानं गोठ्याबाहेरचं जगच बघितलं नव्हतं. तेव्हापासनं आमच्याकडं वासराला तिसऱ्या महिन्यापासनं म्होरकी, म्हणजे तोंडाला बांधायची दोरी, रोज कुणीतरी वेगळ्या माणसानं धरायचं, पाय उचलायचे, ओठ वर करून दात बघायचे, आठवड्याच्या बाजारादिवशी रस्त्याकडंला नेऊन बांधायचं. आणि गोठ्यात दिवसभर रेडिओ. आत्ता पण चालू असंल, म्हणजे मी काय बोलतोय ते घरात कुणी ऐकत नसलं तरी गोठ्यात ऐकतायत.

त्या पोरानं शेवटी गायच घेतली, आटपाडीकडनं. परवा व्याली. कालवड झाली म्हणून जरा हिरमुसला होता, म्हणला काका, खोंड पाहिजे होता. मी म्हणलं अरे बाबा, कालवडीचा पण गट असतो, चीक किती पाजला ते सांग आधी.