मुका मार

तळजाईच्या उतारावर संध्याकाळी सायकल शिकणाऱ्यांपैकी एखादे मूल घसरते, हँडलचे टोक पोटात रुतते, गुडघे सोलवटतात. घरी आजी गुडघ्यांना हळद लावते. बेंबीच्या थोडे वर रुपयाएवढा निळसर गोल वण उमटलेला असतो, पण तो बनियनखाली असतो आणि मूल त्याविषयी बोलत नाही. अशा दुखापतीला आपण मुका मार म्हणतो. शब्द नेमका आहे. मात्र आपण तो बहुतेक वेळा एकमेकांना धीर देण्यासाठीच वापरतो.

हँडलचे टोक लहान असल्याने सगळा जोर एकाच जागी येतो आणि मुलांच्या पोटाचे स्नायू पातळ असल्यामुळे स्वादुपिंड किंवा लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग मागच्या मणक्यांवर चेपला जातो. पहिल्या काही तासांत पोट मऊ लागते, सोनोग्राफीतही दोष दिसेलच असे नाही. हिरव्या उलट्या किंवा ताप कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतो, आणि तोवर घरात पडल्याचा विषय मागे पडून बाहेरच्या खाण्यावर ठपका आलेला असतो.

हाडांचीही हीच तऱ्हा. दीड-दोन वर्षांचे मूल पाय टेकवत नाही, एक्स-रे मात्र स्वच्छ येतो. नडगीतली केसासारखी चीर पुष्कळदा १० ते १४ दिवसांनी, नवे हाड धरू लागल्यावरच फिल्मवर उमटते. मनगट आणि कोपर यांमधले एक हाड मोडले असता शेजारच्या हाडाचे डोके कोपरातून निसटलेले असू शकते. मिलानचे शल्यविशारद जोव्हानी मोंटेजिया यांनी १८१४ मध्ये वर्णिलेली ही दुखापत आजही नजरेतून सुटते, कधी केवळ फिल्ममध्ये कोपर घेतलेलेच नसते म्हणून. काही आठवडे उलटले की जे हाड भूल देऊन हाताने बसवता आले असते, त्यासाठी शस्त्रक्रिया करावी लागते.

रक्तदाबावरही विसंबता येत नाही. २० किलो वजनाच्या मुलाच्या अंगात साधारण १,६०० मिलिलिटर रक्त असते, आणि त्यातले जवळपास ३० टक्के जाईपर्यंत दाब ठीकच दिसू शकतो. वाढलेली नाडी आणि गार पडलेले तळवे त्याआधीच सांगत असतात.

म्हणून मोठ्या अपघातानंतर २४ तासांच्या आत, आणि मूल बेशुद्ध असेल तर शुद्धीवर आल्यावर पुन्हा एकदा, डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत नव्याने तपासणी करण्याची पद्धत आहे. प्लास्टर घातलेल्या पायाकडेच सर्वांचे लक्ष असताना हाताचे मोडलेले बोट राहून जाते, ते येथे सापडते. सकाळच्या फेरीत डॉक्टर खाटेच्या कडेवर टेकतात, एकेक बोट दाबून पाहतात आणि रिपोर्टची फाईल बाजूला ठेवून विचारतात, ‘बाळा, हँडल कुठे लागले होते?’ मूल आधी आईकडे पाहते, मग स्वतःच बनियन वर करते.