सॉलिडसची नोंद: आधी वजन, मग अक्षरं

समोर आहे पूर्व रोमन (बायझंटाइन) सम्राट पहिल्या जस्टिनियनचं सॉलिडस, सहाव्या शतकातलं सोन्याचं नाणं. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं एका रोमन पौंड सोन्यातून 72 नाणी असं प्रमाण ठरवलं. एक नाणं सुमारे साडेचार ग्रॅमचं. हे प्रमाण शतकानुशतकं टिकलं, म्हणून नोंदीतला पहिला आकडा वजनाचा.

वजन 3.7 ग्रॅम भरलं, तर घाईनं 'कडा कातरलेली' असं लिहू नका. नाणं उलटून मागच्या बाजूची तळाची अक्षरं वाचा. नेहमीच्या नाण्यावर तिथं 'कोनोब' (CONOB) असतं; त्यातलं CON म्हणजे कॉन्स्टँटिनोपल. त्याऐवजी 'ओ-बी' (OB) आणि रोमन 20 (XX) दिसले, तर ते 24 ऐवजी 20 सिलिक्वांचं (सिलिक्वा हे वजनाचं लहान एकक), टांकसाळीनंच हलकं पाडलेलं नाणं. 'कोनोब' असूनही वजन कमी असेल, तेव्हा भिंग घेऊन कड तपासा: कातरल्याची सरळ रेघ, घासल्याचे ओरखडे, दागिन्याची कडी काढल्याची खूण. एक सावधगिरी हवीच. 'कोनोब' इतर टांकसाळींनीही वापरलं, त्यामुळे एवढ्यावरून कॉन्स्टँटिनोपल लिहिता येत नाही.

पुढच्या बाजूला सम्राट थेट समोर पाहतोय. ही मुद्रा सुमारे 538 पासूनची. त्याआधी चेहरा किंचित वळलेला आणि खांद्यावर भाला असे. उजव्या हातात क्रूस असलेला गोल, डाव्या खांद्याशी ढाल. हात सांगताना उजवं-डावं आकृतीचं, मोकळी जागा सांगताना पाहणाऱ्याचं. हा नियम मोडला की वाचणाऱ्याला नाणं उलटंच दिसतं.

मागे देवदूत, उजवीकडे तारा. त्याच्या हातातल्या उंच दांड्याचं टोक नीट पाहा: साधा क्रूस आहे, की वर वळलेला ग्रीक 'ऱ्हो'? प्रकार त्यावरून ठरतो. या बाजूवर कोरलेल्या मजकुराच्या शेवटचं ग्रीक अक्षर, अल्फा ते इओटा, टांकसाळीतला विभाग सांगतं. पुसट असेल तर अंदाजानं भरू नका, 'अवाच्य' लिहा.

सोन्याच्या शुद्धतेसाठी नाणं दोऱ्यानं पाण्यात टांगून पुन्हा तोला. हवेतलं वजन भागिले दोन वजनांतला फरक, उत्तर 19 च्या जवळपास हवं. हा फरक जेमतेम 0.23 ग्रॅम असतो. 0.01 ग्रॅमचा काटा एका अंकानं चुकला तरी उत्तर जवळजवळ 0.8 नं हलतं, म्हणून 0.001 ग्रॅमचा काटा लागतो. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडाही उत्तर खाली आणतो.

दक्षिण भारतात मिळालेल्या अनेक सॉलिडसना सम्राटाच्या डोक्यावर दोन भोकं आहेत, गळ्यात घालण्यासाठी पाडलेली. ती बुजवलेली असतील तर जागा घड्याळाच्या काट्यानुसार लिहा: '12 वाजता, बुजवलेली दोन भोकं'.