डोळ्यांनी मोजायचे तारे

मंडळी, दुर्बीण कोणती घ्यावी, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. माझं उत्तर ठरलेलं आहे. आधी रूपविकारी तारे बघायला शिका, दुर्बिणीचं नंतर पाहू. या ताऱ्यांचं तेज कमीजास्त होत असतं. मीरासारख्या ताऱ्याची आजची प्रत, म्हणजे ठळकपणाचा आकडा, कुठल्याच पुस्तकात छापलेली नसते, ती तुम्ही बघून सांगायची असते.

कशी, ते वृषपर्वा समूहातल्या डेल्टा ताऱ्यावरून सांगतो. तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. साधारण ५.३७ दिवसांत तो ३.५ प्रतीवरून ४.४ पर्यंत उतरतो आणि पुन्हा चढतो. चढतो भराभर, उतरतो सावकाश. नव्या मंडळींसाठी सांगतो, प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. डेल्टाच्या शेजारीच झीटा आहे ३.४ प्रतीचा आणि एप्सिलॉन ४.२ प्रतीचा. डेल्टा झीटाइतका ठळक आहे का? नाही. एप्सिलॉनपेक्षा ठळक आहे? हो. मग दोघांच्या बरोबर मधला वाटतोय, की एका बाजूला झुकलेला? बरोबर मधला असेल तर ३.८, एप्सिलॉनकडे झुकला असेल तर ४.०. तारीख, वेळ आणि आकडा वहीत लिहिला की नोंद झाली. हात बसला की एक-दोन दशांश प्रतीचा फरक कळू लागतो.

डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं द्या. लालसर ताऱ्याकडे टक लावू नका, तो उगाच जास्त ठळक वाटायला लागतो, ओझरतं बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बघण्याआधी वहीतली मागची पानं उलटू नका. आज तारा उतरलेला असणार हे मनात असलं, की तो उतरलेलाच दिसतो. अपेक्षेशी जुळवून घेतलेल्या नोंदीपेक्षा नोंद नसलेली बरी, असं माझं ठाम मत आहे.

हे डेल्टाचं बदलणं १७८४ साली इंग्लंडमधल्या जॉन गुडरिकने टिपलं. त्याला ऐकू येत नव्हतं. त्याआधी, अवघ्या अठराव्या वर्षी, त्याने ययातीमधल्या अल्गॉलचा कालावधी काढला होता आणि एखादा काळोखा गोल मध्ये येत असावा, असं सुचवलं होतं. वर्णपटावरून, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशातले रंग वेगळे करून, त्याला दुजोरा मिळायला १८८९ साल उजाडलं. गुडरिक मात्र एकविसाव्या वर्षीच गेला. पुढे खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेविट यांनी डेल्टासारख्या ताऱ्यांचा कालावधी आणि खरं तेज यांचं नातं १९१२ मध्ये मांडलं, कालावधीवरून खरं तेज आणि त्यावरून अंतर काढता येऊ लागलं, आणि त्याच नात्याच्या आधारे खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी देवयानी दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर असल्याचं दाखवलं.

आता रात्रभर आकाश टिपणारे मोठमोठे कॅमेरे आहेत, मग आपली गरज काय? त्यातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांना ठळक तारे झेपतच नाहीत, त्यांच्या प्रकाशाने चित्र भरून जातं. २०१९-२० च्या हिवाळ्यात मृगातला लालसर काक्षी तारा मंदावला, तेव्हा हौशी निरीक्षकांच्या नोंदी फार मोलाच्या ठरल्या. १९११ पासून अशा नोंदी गोळा करणारी अमेरिकेतली एएव्हीएसओ ही रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची संस्था जगभरातल्या कुणाचीही नोंद स्वीकारते.

सुरुवात अल्गॉलपासून करा. दर २ दिवस २१ तासांच्या आसपास त्याला ग्रहण लागतं. पाचेक तासांत तो २.१ वरून ३.४ प्रतीवर येतो आणि तितक्याच वेळात सावरतो, म्हणजे एका रात्रीत बदल डोळ्यांसमोर घडतो. मीराला मात्र धीर लागतो. तिचा कालावधी सुमारे ३३२ दिवसांचा. कधी ती दुसऱ्या प्रतीपर्यंत चढते, कधी चौथीच्या अलीकडेही येत नाही, आणि यंदा काय होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून ती दिसायच्या आधीपासूनच तिमिंगल समूहातली तिची जागा तपासायला लागा. तिथे काही दिसलं नाही, तर जवळपासचा दिसणारा सगळ्यात मंद तारा शोधा आणि ‘मीरा याहून मंद’ असं लिहा. तीही पूर्ण नोंद धरली जाते.