शेवटच्या चौकटीतला आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

आमच्या सांगलीच्या घरात क्रिकेट म्हणजे वडील, ट्रान्झिस्टर आणि जुन्या वहीतली कोरी पानं. बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन सुरू झालं की वडील पेन्सिल घेऊन बसायचे आणि एकेक धाव मांडायचे. मी त्यांच्या मांडीला टेकून ऐकायचे. मैदान कधी पाहिलं नव्हतं, पण चेंडू कुठं गेला, कोण धावला, ते सगळं दिसायचं. आज ज्या खेळाबद्दल बोलणार आहे तो क्रिकेट नाही, बेसबॉल आहे. पण तोही मला असाच कानांवाटे मिळाला.

१९९७ च्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या एका गावात राहायला गेलो. माझ्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती. दिवसभर घर खायला उठायचं. संध्याकाळी खिडकी उघडली की शेजारच्या पोर्चमधून रेडिओ ऐकू यायचा. शब्द निम्मेही कळत नव्हते. तरी हा सामना आहे, हे पहिल्याच दिवशी ओळखलं. मागं गर्दीची गाज, पुढं एक निवांत आवाज, मग बराच वेळ काही नाही, आणि अचानक चढलेला सूर. चार दिवस खिडकीत बसून ऐकलं. पाचव्या दिवशी थालीपीठं केली आणि शेजारच्या पायऱ्या चढले.

त्या आजी एकट्या राहायच्या. त्यांच्या मांडीवर वही होती आणि हातात पेन्सिल. ती पेन्सिल पाहिली आणि मला माहेर आठवलं.

आजींचा जन्म १९१८ चा. त्याच वर्षी बॉस्टनच्या रेड सॉक्स संघानं वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अजिंक्यपदाची लढत, जिंकली होती. त्यानंतर एकदाही नाही. पुढच्याच वर्षाच्या शेवटी मालकानं बेब रूथ हा हिरा न्यूयॉर्कच्या यँकीज संघाला विकला, आणि तेव्हापासून संघाला शाप लागला असं लोक म्हणायचे. १९४६, १९६७, १९७५, १९८६, चार वेळा संघ शेवटच्या लढतीपर्यंत पोहोचला आणि चारही वेळा सातव्या, निर्णायक सामन्यात हरला. आजी म्हणायच्या, "मी जन्मले तेव्हा ते जिंकले, आता मी जायच्या आधी एकदा जिंकू देत."

त्यांनी मला आधी खेळ शिकवला नाही, वही शिकवली. प्रत्येक फलंदाजाला प्रत्येक वेळी एक चौकट. क्षेत्ररक्षकांना ठरलेले आकडे: चेंडू फेकणारा पिचर १, फलंदाजामागचा कॅचर २, पहिल्या बेसवरचा, म्हणजे धावताना गाठायच्या पहिल्या टप्प्यावरचा, ३, दुसऱ्या बेसवरचा ४, तिसऱ्याचा ५, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६, आणि लांबचे तिघं ७, ८, ९. शॉर्टस्टॉपनं चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला आणि फलंदाज बाद झाला, तर चौकटीत लिहायचं ६-३. तीन स्ट्राइकवर, म्हणजे मारण्याजोगे तीन चेंडू हुकवून, बाद झाला तर इंग्रजी 'के'. आणि तिसरा स्ट्राइक नुसता उभा राहून पाहिला, बॅट हललीच नाही, तर तोच 'के' आरशात पाहिल्यासारखा उलटा. महिनाभरात मला डोळे मिटून सामना दिसू लागला. बेसबॉल रेडिओसाठीच जन्माला आलाय, असं मला आजही वाटतं. दोन चेंडूंच्या मधे जो वेळ जातो, त्यात समालोचक जो कॅस्टिग्लिओनी गोष्टी सांगायचे, आणि त्या गोष्टींतून मला ते अख्खं शहर कळत गेलं.

जुन्या वह्यांचा एक खोका होता. त्यातलं १९८६ चं एक पान आजींनी मला दाखवलं. ते त्यांच्या धाकट्या भावानं लिहिलेलं. सहावा सामना, दहावी इनिंग. रेड सॉक्स दोन धावांनी पुढं, समोरच्या मेट्सचे दोन गडी बाद. एकच गडी हवा होता. तिथून मेट्सनी बरोबरी साधली, आणि मग एक साधा, सरपटत आलेला चेंडू पहिल्या बेसवरच्या बिल बकनरच्या पायांमधून निघून गेला. सामना गेला, दोन दिवसांनी सिरीजही गेली. वहीत त्याची नोंद 'ई-३' अशी होते, म्हणजे तीन नंबरच्या खेळाडूची चूक. भावानं ते इतक्या जोरानं लिहिलं होतं की कागद फाटून तिथं भोक पडलं होतं. आजींनी त्या भोकावरून हळूच बोट फिरवलं. भाऊ चार वर्षांनी गेला. बकनरनं त्याआधीची कित्येक वर्षं दुखऱ्या पायांनी किती चांगला खेळ केला होता, हेही आजी दर वेळी आवर्जून सांगायच्या. त्याला दोष दिलेला त्यांना अजिबात खपायचा नाही.

१९९८ मध्ये त्या मला फेनवे पार्कला घेऊन गेल्या. ग्रीन लाइनच्या ट्रेननं केनमोर स्टेशन, मग गर्दीबरोबर चालत, परतलेल्या कांद्याच्या आणि सॉसेजच्या वासातून आत. आतला अंधारा, ओलसर बोळ संपतो, चार पावलं चढ चढायचा, आणि एकदम समोर हिरवं. १९१२ साली सुरू झालेलं हे मैदान दाटीवाटीच्या वस्तीत कसंबसं बसवलेलं आहे. डावीकडं जागा कमी म्हणून ३७ फूट उंच भिंत, तिचं नाव ग्रीन मॉन्स्टर. भिंतीच्या पोटात माणसं बसतात आणि धावफलकावरचे आकडे हातानं बदलतात. उजवीकडं दूर, हिरव्या खुर्च्यांच्या रांगांत एकच लाल खुर्ची. १९४६ मध्ये रेड सॉक्सच्या टेड विल्यम्सनं मारलेला ५०२ फुटांचा होमरन, म्हणजे आपला षटकारच, तिथं जाऊन पडला होता. आम्ही निळ्या लाकडी खुर्च्यांवर खांबाच्या मागं बसलो होतो आणि निम्मा पिचर खांबाआड होता. आजी म्हणाल्या, "आवाजावरून लिही."

सातव्या इनिंगच्या मध्यावर सगळं मैदान उभं राहिलं आणि १९०८ सालचं ते गाणं म्हणू लागलं, 'टेक मी आउट टू द बॉल गेम'. त्यात क्रॅकर जॅकचं नाव येतं, म्हणून आजींनी मला त्याचा डबा घेऊन दिला. लाह्या आणि शेंगदाणे. तोंडात टाकले आणि थेट काकवीची चव! सांगलीच्या पोरीला फेनवेत काकवी मिळाली, यापेक्षा मोठं स्वागत काय असतं?

हिवाळ्यात सामने नसायचे. तेव्हा आम्ही 'चिअर्स'चे जुने भाग बघायचो. बॉस्टनच्या बारची मालिका, आणि तिचा नायक सॅम मलोन हा रेड सॉक्सचा माजी पिचर. आजी त्याच्याबद्दल खऱ्या माणसासारखं बोलायच्या. माझं इंग्रजी सुधारलं ते त्या सोफ्यावर.

१९९९ च्या जुलैत फेनवेला ऑल स्टार, म्हणजे सगळ्या संघांतल्या निवडक खेळाडूंचा, सामना झाला. ऐंशी वर्षांचे टेड विल्यम्स छोट्या गाडीतून मैदानात आले. त्या काळातले सगळे मोठे खेळाडू लहान पोरांसारखे त्यांच्याभोवती गोळा झाले आणि हटेनात. विल्यम्सही १९१८ चेच. आजी टीव्हीसमोर उभ्या राहिल्या आणि ते परत जाईपर्यंत बसल्या नाहीत.

२००३ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या आधीच्या फेरीत, यँकीजविरुद्ध सातव्या सामन्यात अकराव्या इनिंगला त्यांच्या ॲरन बूनचा होमरन गेला आणि आपण हरलो. आजींनी पान पूर्ण न करताच वही मिटली. २००४ मध्ये पुन्हा तीच फेरी, तेच यँकीज. पहिले तीन सामने हरलो, तिसरा तर १९-८. चौथ्यात नवव्या इनिंगला एका धावेनं मागं, आणि समोर त्यांचा पिचर मारियानो रिव्हेरा. तेव्हा आपल्या डेव्ह रॉबर्ट्सनं दुसरा बेस चोरला, म्हणजे फटक्याची वाट न बघता तिथवर धावला. सगळ्या स्टेडियमला ठाऊक होतं की हा पळणार, तरी तो पळाला आणि पोहोचला. मग बिल म्युलरचा फटका, बरोबरी, आणि रात्री एक वाजून गेल्यावर बाराव्या इनिंगला डेव्हिड ऑर्टिझचा होमरन. त्यानंतरचे तिन्ही सामने जिंकून संघ वर्ल्ड सिरीजमध्ये गेला. तीन सामने हरून सलग चार जिंकणं बेसबॉलच्या बाद फेरीत तोवर कुणालाच जमलं नव्हतं.

२७ ऑक्टोबर २००४. समोर सेंट लुईस, १९४६ आणि १९६७ ला हरवणारा संघ. पहिले तीन सामने आपण जिंकलेले, चौथ्यात ३-० नं पुढं. बाहेर खग्रास चंद्रग्रहण. माझ्या आईनं ग्रहणात बाहेर जाऊ दिलं नसतं, पण आजींना पोर्चवरच बसायचं होतं. शाल, रेडिओ, वही. नवव्या इनिंगला दोन बाद झाले आणि त्यांचा हात इतका कापू लागला की पेन्सिल धरवेना. त्यांनी वही माझ्या मांडीवर ठेवली. "तू लिही."

सरपटता चेंडू. पिचर कीथ फोकनं तो पकडला, पहिल्या बेसकडे चार पावलं धावला आणि अलगद खालून फेकला. कॅस्टिग्लिओनी ओरडले, विश्वास बसतोय का? मी चौकटीत लिहिलं. ८६ वर्षं संपली. गल्लीतले लोक भांडी वाजवत रस्त्यावर आले.

बऱ्याच वेळानं आजींनी चष्मा लावून पान बघितलं आणि विचारलं, "हे काय?" पिचरकडून पहिल्या बेसकडे, एक-तीन. पण गडबडीत मी ते मराठी आकड्यांत लिहिलं होतं, वडिलांच्या वहीत असायचे तसे. मी खोडरबर शोधू लागले. त्यांनी माझा हात धरला. "राहू दे."

दुसऱ्या दिवशी मी आजींना त्यांच्या भावाच्या थडग्याशी, दफनभूमीत घेऊन गेले. तिथं आधीच कितीतरी लोक आले होते. थडग्यांवर टोप्या, छोटी निशाणं, वर्तमानपत्रं. बापाच्या, आजोबांच्या दगडाजवळ उभी राहून माणसं मोठ्यानं सामना सांगत होती. आजींनी भावाच्या दगडावरची पानं झाडली, वहीतलं ते पान सावकाश फाडलं, घडी घातली आणि वर एक गोटा ठेवला. मग त्याला म्हणाल्या, "शेवटचा आकडा आपल्या पोरीनं तिच्या भाषेत लिहिलाय. पण तू वाचशील. तीन नंबरच्यानं झेलला."