इन्सुलिन मिळत नाही, म्हणजे नेमकं काय मिळत नाही?

(कोथरूडमध्ये ज्येष्ठ नागरिकांसमोर एका औषधविक्रेतीने दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. माझं इथेच कोथरूडला औषधांचं दुकान आहे. हल्ली दिवसातून दोन-चार जण तरी विचारायला येतात, "ताई, इन्सुलिन आलं का?" मी विचारते, "कुठलं?" तर उत्तर येतं, "नेहमीचंच हो, त्या निळ्या खोक्यातलं." माणूस वर्षानुवर्षं इन्सुलिन घेत असतो, पण खोक्याच्या रंगापलीकडे त्याला कुणी काही सांगितलेलंच नसतं. माल येतोय तोवर तेवढ्यावर भागतं. निळं खोकं यायचं थांबलं की घरात घबराट होते, आणि त्या घबराटीत हाताला लागेल ते उचललं जातं. मला खरी काळजी त्याची वाटते.

कारण टंचाई बहुतेक वेळा इन्सुलिनची नसतेच. एखाद्या ब्रँडची असते, नाहीतर एखाद्या पॅकिंगची. २०२५ मध्ये एका मोठ्या परदेशी कंपनीने मानवी इन्सुलिनची (माणसाच्या शरीरात तयार होतं हुबेहूब तसल्या इन्सुलिनची) पेनं आणि कार्ट्रिज, म्हणजे पेनात बसवायच्या औषधाच्या नळ्या, भारतात टप्प्याटप्प्याने बंद करायचं जाहीर केलं. त्याच इन्सुलिनच्या बाटल्या, म्हणजे व्हायल, चालू ठेवल्या. पण पेशंटपर्यंत निरोप पोचला तो एवढाच, की "ते बंद झालं". त्याच घटकांचं इन्सुलिन आपल्या देशातही बनतं. बंगळुरूची बायोकॉन बनवते, छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यात वोखार्ट बनवते, तेही २००३-०४ पासून. म्हणजे वस्तू बाजारात आहे, पण तिला कुठल्या नावाने हाक मारायची ते आपल्याला माहीत नाही.

तेव्हा आज घरी गेलात की इन्सुलिनचं खोकं उजेडात धरा आणि त्यावरच्या तीन गोष्टी वाचा. पहिली, प्रकार: रेग्युलर, एनपीएच, ३०/७०, ग्लार्जिन, जे असेल ते. दुसरी, ताकद: एका मिलिलीटरमध्ये ४० युनिट की १००. तिसरी, पॅकिंग: व्हायल, कार्ट्रिज की भरलेलं तयार पेन. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, मुलाला, सुनेला पाठवा. दुकानात तो फोटो दाखवलात की आम्हाला शोधायला सोपं जातं, आणि डॉक्टरांना फोनवर विचारायलाही.

प्रकाराबद्दल एक गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण ती फसवी आहे. ३०/७० म्हणजे लवकर आणि सावकाश काम करणाऱ्या इन्सुलिनचं मिश्रण, आणि हा आकडा दोन वेगळ्या जातींच्या इन्सुलिनवर छापलेला असतो. एक मानवी इन्सुलिन, ते जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यायचं. दुसरं अ‍ॅनालॉग, म्हणजे रचनेत थोडा बदल केलेलं; त्यातला लवकर काम करणारा भाग फारच लवकर काम करतो, म्हणून ते घेतलं की लगेच पानावर बसायचं. आपल्याकडे काय होतं? सवयीप्रमाणे इंजेक्शन घेतलं, मग देवाची आरती, मग नैवेद्य, मग जेवण. मानवी इन्सुलिनला ते चालत होतं. त्याच सवयीने अ‍ॅनालॉग घेतलंत तर आरतीतच साखर घसरून घाम फुटेल, हातपाय थरथरतील. म्हणून आकडा सारखा दिसला तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदल करू नका. आणि आम्हीही लिहून दिलेल्याऐवजी मनाने दुसरं देणं बरोबर नाही. त्यापेक्षा पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगा, "हे नाही मिळालं तर काय घ्यायचं आणि किती, तेही आत्ताच लिहून ठेवा." दोन ओळींचं काम आहे. डॉक्टर आनंदाने लिहितात.

आता ताकद. आपल्या देशात दोन ताकदीचं इन्सुलिन शेजारी शेजारी विकलं जातं. १० मिलीच्या नेहमीच्या व्हायलमध्ये बहुतेक करून ४० युनिटचं असतं. पेनात आणि कार्ट्रिजमध्ये १०० युनिटचं. सिरिंजही त्याप्रमाणे वेगळ्या: ४० साठी लाल टोपीची, १०० साठी केशरी. माल भरपूर असतो तेव्हा ज्याची सिरिंज त्याला मिळते. टंचाईत हीच जोडी फुटते.

एका पावसाळ्यात एक आजोबा दुकानात आले. पेन बिघडलेलं, नवं कुठे मिळेना. शेजाऱ्यांनी सुचवलं होतं, कार्ट्रिजलाच सिरिंज खुपसा आणि औषध ओढून घ्या. आजोबांनी कार्ट्रिज आणि घरातली जुनी लाल टोपीची सिरिंज, दोन्ही रुमालात गुंडाळून आणलं होतं. म्हणाले, "वीसच्या रेघेपर्यंतच भरायचं ना? माझा डोस वीस आहे." मी त्यांना आत बसवलं आणि बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. लाल सिरिंजवरची वीसची रेघ म्हणजे अर्धा मिलिलीटर. व्हायलमधलं इन्सुलिन असतं तर त्यात बरोबर वीस युनिट आली असती. कार्ट्रिजमधलं १०० चं, म्हणून त्याच रेघेला पन्नास युनिट. अडीच पट! रात्री झोपेत साखर खाली गेली असती तर घरात कुणाला कळलंही नसतं. उलटी चूकही होते. व्हायलमधलं औषध केशरी सिरिंजने वीसपर्यंत भरलं, तर पोटात जातात फक्त आठ युनिट, आणि मग "नवं औषध लागू पडत नाही" म्हणून माणूस कंपनीला दोष देतो. आजोबांनी हिशेबाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि दोन्ही रंगांची एकेक रिकामी सिरिंज मागून घेतली, सुनेला दाखवायला.

तेव्हा पेनावरून व्हायलवर जायची वेळ आली तर व्हायलबरोबर सिरिंजही नवीन घ्या, आणि लेबलावरचा आकडा सिरिंजवरच्या आकड्याशी आमच्यासमोर जुळवून बघा. पहिली दोन इंजेक्शनं दवाखान्यात जाऊन घ्या. व्हायलमधलं दुधाळ इन्सुलिन हलक्या हाताने तळव्यांमध्ये फिरवून एकसारखं करायचं असतं, जोरात हलवायचं नाही. पेनाच्या बाबतीतही एक गोष्ट आहे: एका कंपनीचं कार्ट्रिज दुसऱ्या कंपनीच्या पेनात बसतंय असं वाटलं तरी घालू नका, डोस चुकतो.

पुण्यातल्या टंचाईला स्वतःचं एक पंचांग आहे, ते आम्ही दुकानदार तोंडपाठ ओळखतो. मार्चअखेरीला घाऊक विक्रेते हिशेब बंद करायच्या आधी माल कमी ठेवतात, म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शेल्फ रिकामं दिसतं. ज्येष्ठात पालख्या मुक्कामाला आल्या की पेठांतले रस्ते बंद. गणेश विसर्जनाला तर दीड-दोन दिवस तसंच, आणि आपला औषधांचा घाऊक बाजार सदाशिव पेठेत, ऐन मिरवणुकीच्या परिसरात. दिवाळीत लक्ष्मीपूजनापासून दोन-तीन दिवस पुरवठा थंडावतो. शिवाय मधूनच एखादा बंद असतो. २८ सप्टेंबर २०१८ ला ऑनलाइन औषधविक्रीच्या विरोधात देशभर दुकानं बंद होती, आठवत असेल. मार्च २०२० तर सगळ्यांनाच आठवतो. यातले कोविड आणि असे बंद सोडले तर बाकीच्या तारखा आधीपासून कॅलेंडरवर छापलेल्या असतात. इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं, म्हणून छोटं दुकान त्याचा फार साठा करत नाही. त्यामुळे या दिवसांत सगळ्यात आधी तेच संपतं.

घरी किती ठेवायचं? आधी आपला खप काढा. ४० च्या १० मिली व्हायलमध्ये ४०० युनिट, रोज तीस लागत असतील तर तेरा दिवस. कार्ट्रिजमध्ये ३००, पण दर वेळी सुई तपासायला दोन युनिट सोडावी लागतात, म्हणून दिवसातून दोनदा घेणाऱ्याला ते नवव्या दिवशी संपायला येतं. महिन्याभराचं शिल्लक असतानाच दुकानात पुढचं सांगून ठेवा. त्याहून जास्त मात्र नको. एका घरात सहा महिन्यांचं कोंबून ठेवलं की पलीकडच्या गल्लीतलं एखादं पोर त्याच आठवड्यात इन्सुलिनशिवाय राहतं. फ्रिजमध्ये दोन ते आठ अंश. फ्रीझरमध्ये नाही, फ्रीझरला चिकटूनही नाही. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वाया गेलेलंच असतं. उघडलेलं साधारण चार आठवडे चालतं, नेमके दिवस माहितीपत्रकात असतात. मे महिन्यात वीज गेली तर मातीच्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, आत घट्ट झाकणाची डबी, हा उपाय अगदी उत्तम चालतो.

साखर तपासायच्या स्ट्रिपचं थोडक्यात सांगते. प्रत्येक मीटरला त्याचीच स्ट्रिप लागते, म्हणून मीटर घेताना तो फुकट मिळतोय का यापेक्षा त्याच्या स्ट्रिप आपल्या भागात सहज मिळतात का, हे विचारा. स्ट्रिप कमी असतील तर इन्सुलिन घेणाऱ्याने त्या जेवणाआधी आणि झोपण्याआधीसाठी राखून ठेवाव्यात. स्ट्रिपच्या डबीचं झाकण पावसाळ्यात उघडं टाकू नका.

आता सगळ्यात गंभीर भाग. टाइप २ च्या पेशंटला एखाद दिवस उशीर झाला तर बहुधा निभावतं, तरी फोनवर डॉक्टरांना कळवावं. टाइप १ च्या मुलाला ती सवलत नाही. त्याच्या शरीरात स्वतःचं इन्सुलिन जवळजवळ नसतंच. डोस बंद झाला तर एका दिवसातही रक्तात आम्ल साठायला लागतं: उलट्या, पोटदुखी, खूप तहान, खोल धाप, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास. इथे उरलेलं पुरवून पुरवून वापरायचं नाही, जेवण बंद करून इन्सुलिन थांबवायचं नाही. सरळ ससून, औंधचं जिल्हा रुग्णालय, पिंपरीचं वायसीएम, जे जवळ असेल तिथल्या तातडीच्या विभागात जायचं. रेग्युलर इन्सुलिन हे इस्पितळातलं रोजचं औषध आहे.

दुसऱ्या महायुद्धात एव्हा सॅक्सल नावाची एक तरुणी प्रागहून पळून शांघायला आली होती. तिला मधुमेह होता. जपानी ताब्यात औषधदुकानं बंद पडली, तेव्हा तिने आणि तिच्या नवऱ्याने वैद्यकाच्या एका पाठ्यपुस्तकावरून म्हशींच्या स्वादुपिंडापासून इन्सुलिन बनवलं, सशांवर तपासलं, आणि तिथल्या वस्तीतल्या इतर रुग्णांनाही पुरवलं. मला या बाईंबद्दल अपार आदर आहे. त्यांना पर्यायच नव्हता. आपल्या शहरात इन्सुलिन आहे, ते कागदोपत्री मागायचा हक्कही आहे, आणि तो आपण वापरत नाही याचं मला वाईट वाटतं.

औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ प्रमाणे किंमत नियंत्रणाखालचं औषध बंद करायचं असेल तर कंपनीने किमान सहा महिने आधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि सरकारला कळवावं लागतं. जनहितासाठी सरकार तिला आणखी एक वर्षापर्यंत उत्पादन चालू ठेवायला सांगू शकतं. पण रुग्णांना ते मिळत नाहीये, हे सरकारला कळणार कसं? राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाकडे औषध मिळत नसल्याची तक्रार कुणीही करू शकतो, आणि आपल्या अन्न व औषध प्रशासनाकडेही कळवता येतं. तक्रारीत "इन्सुलिन मिळत नाही" एवढंच लिहू नका. प्रकार, ताकद, पॅकिंग, ब्रँड, किती दुकानांत आणि कुठल्या तारखांना विचारलं, ते लिहा. दुकानदाराकडून चिठ्ठीवर "उपलब्ध नाही" असं तारखेसह लिहून आणि शिक्का मारून घ्या. माझ्याकडे मागितलंत तर मी लगेच देईन, आणि तुमच्या भागातल्या दुकानदारानेही द्यायला काही हरकत नसावी.