वडिलांकडून आलेला आकडा

सकाळचे सात. फोंड्याच्या बाजारात पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजतोय आणि लॅबच्या पायरीवर पाचसहा माणसं उपाशी पोटी बसलीत. ताज्या पावाचा वास नाकात शिरतो, पण आधी रक्त द्यायचं आहे.

त्यांतला एक जण ४२ वर्षांचा. विडी नाही, दारू नाही, मधुमेह नाही. दर वर्षीचं लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, तीही ठीक. तरी तो आलाय, कारण वडील ४८व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले आणि काकाही पन्नाशी गाठायच्या आत. घरात सगळे म्हणत आले, नशीब.

या नशिबाचा एक वाटा रक्तात मोजता येतो. डॉक्टर त्याला ‘एलपी लिटल ए’ म्हणतात. नॉर्वेच्या कारे बर्ग यांनी १९६३ साली तो जगासमोर आणला. एलडीएल, म्हणजे ज्याला आपण वाईट कोलेस्टेरॉल म्हणतो, त्याच्यासारखाच हा कण. फक्त त्याला एक जादा प्रथिन चिकटलेलं असतं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांच्या भिंतीत तो रुतून बसतो, तिथला दाह वाढवतो. रोज चाला, भात कमी करा, तरी त्याचं प्रमाण फारसं हलत नाही. ते बहुतेक जन्मतःच ठरलेलं असतं. जगात साधारण पाचातल्या एकाच्या रक्तात ते डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर असतं. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ही तपासणी येत नाही, वेगळी सांगून करून घ्यावी लागते. बहुतेकांना आयुष्यात एकदा पुरते. एवढी साधी गोष्ट किती घरांत पोचलेली नाही, याची खंत वाटते.

बाकीचे आकडेही पाहायचेच. एचबीएवनसी मागच्या तीनेक महिन्यांची साखर सांगतं. सीआरपी हे रक्तातलं प्रथिन शरीरातला दाह दाखवतं, पण साध्या तापातही ते चढतं, म्हणून आजारपणात केलेल्या तपासणीवर विसंबू नये.

आणि एलपी लिटल ए जास्त निघालं तर? कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्यांनी ते उतरत नाही. मग जे हातात आहे ते घट्ट धरायचं: एलडीएल अधिक खाली आणायचं, रक्तदाब, साखर सांभाळायची, तंबाखूला शिवायचं नाही. आकडा वाढला म्हणजे झटका येणारच असं नाही. पण डॉक्टर आता त्याच्याकडे लवकर आणि बारकाईने पाहतील.

चार दिवसांनी रिपोर्ट हातात येतो. तो दोनदा वाचतो. मग सावंतवाडीला दिलेल्या बहिणीला फोन लावतो, “तायग, तूय रक्त तपासून घे.”