न्यूयॉर्कचं बंद दार, ग्वातेमालाची पडीक जमीन

श्रोतेहो, नमस्कार. आज अमेरिकेच्या इतिहासाबद्दल बोलायचंय, आणि सुरुवात एका बंद दारापासून करते.

25 मार्च 1911, शनिवार, कामावरून सुटायची वेळ. न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ एका दहा मजली बिल्डिंगच्या वरच्या तीन मजल्यांवर ट्रँगल नावाची लेडीज ब्लाउज शिवायची फॅक्टरी होती, तिथं आग लागली. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूप लावून बंद, का तर पोरी कापड चोरतील म्हणून! बंबवाल्यांची शिडी आली ती कशीबशी सहाव्या मजल्यापर्यंत पोचली, मग पोरींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. 146 माणसं गेली, बहुतेक ज्यू आणि इटालियन पोरी, पोटासाठी देश सोडून आलेल्या, कितीतरी जणी विशीच्या आतल्या. मालकांवर खटला चालला, दोघेही निर्दोष सुटले. मला अजून हे वाचताना राग येतो.

खाली रस्त्यावर उभं राहून हे सगळं बघणाऱ्यांत फ्रान्सिस पर्किन्स नावाची बाई होती. 1933 साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी तिलाच कामगार खातं दिलं, अमेरिकेच्या मंत्रिमंडळातली ती पहिली बाई. 1938 चा कायदा आला त्यामागे तिची कितीतरी वर्षांची धडपड होती, तासाला निदान 25 सेंट मजुरी, जास्त तास राबवलं तर ओव्हरटाइम, लहान मुलांना कारखान्यात बंदी. पण शेतमजूर आणि घरकाम करणारे यातून वगळले, आणि दक्षिणेत ही कामं करणारे बरेचसे लोक काळे होते, हे विसरू नका.

आता देशाबाहेर काय चाललं होतं बघा. मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला या देशात युनायटेड फ्रूट ही अमेरिकन केळी कंपनी, जमीन तिची, रेल्वेवर आणि बंदरावर ताबा तिचा. 1947 मध्ये तिथंही कामगार कायदा झाला, आणि 1952 मध्ये अध्यक्ष आर्बेन्झनी मोठ्या जमीनदारांची पडीक जमीन भूमिहीनांना द्यायचं ठरवलं, भरपाई किती, तर कंपनीनं स्वतःच टॅक्ससाठी जी किंमत लिहून दिली होती तेवढी. कंपनीला ती कमी वाटली! तेव्हाचे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस आणि सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेचे प्रमुख ॲलन डलेस हे सख्खे भाऊ, दोघंही ज्या वकिली फर्ममध्ये होते ती या कंपनीचं काम बघायची. कम्युनिझमची भीती वॉशिंग्टनला होतीच, ते मी नाकारत नाही, पण जमिनीचा विषय बाजूला ठेवून ही गोष्ट सांगताच येत नाही. जून 1954 मध्ये सीआयएनं उभ्या केलेल्या बंडामुळे आर्बेन्झना खुर्ची सोडावी लागली, वाटलेली जमीन परत घेतली गेली, युनियन मोडल्या.

पुढे 1960 ते 1996 यादवी युद्ध. सुमारे दोन लाख माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, त्यात बहुसंख्य माया आदिवासी.

आर्बेन्झ परदेशातच वारले, 1971 साली. ग्वातेमालाच्या सरकारनं त्यांच्या कुटुंबाची जाहीर माफी मागितली ती थेट 2011 मध्ये.